आतला की बाहेरचा

केबलवाला मुलगा चपला दाराबाहेर काढून आला होता, तरी त्याच्या ओल्या पावलांचे ठसे दारापासून माझ्या टेबलापर्यंत उमटले. तो गेल्यावरही ते बराच वेळ फरशीवर तसेच होते. बाहेर पाऊस, घरात दमट हवा, वाळणार तरी कसे. मी खुर्चीत बसून त्या ठशांकडे बघत होतो आणि मघाशी आपण त्याला काय काय बोललो ते एकेक आठवत होतं. "दहा वर्षं पैसे भरतोय तुम्हाला, आणि दर वेळी तुमचं एकच, लाईन ओके आहे." हे मी म्हणालो होतो. "कालच घेतलेला लॅपटॉप आहे. बिघाड याच्यात असेल की तुमच्या त्या खांबावरच्या डब्यात?" हेही मीच. आवाज चांगलाच चढला होता, कारण स्वयंपाकघरातून ही बाहेर येऊन दारात उभी राहिली होती. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. त्याने उलट उत्तर दिलं नाही. कापलेल्या वायरीचे बारीक तुकडे जमिनीवरून वेचून खिशात घातले, "सर, लाईन खरंच ओके आहे" एवढंच पुन्हा म्हणाला आणि रेनकोट चढवून गेला. चहा टाकलेला होता, तोही न घेता. या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली. आज त्या घरात तो मॉडेमही नाही. पण जोराचा पाऊस लागला आणि कुणी ओल्या पायांनी आत आलं की ती संध्याकाळ अजून टोचते.

वीस तारीख होती. माझं काम कर सल्लागाराचं, नाशिकच्या सिडकोतल्या घरूनच चालतं. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीतले छोटे कारखानदार, पाथर्डी फाट्याकडचे दोन हार्डवेअरवाले, अशी मंडळी माझ्याकडे. ज्यांनी हे काम केलंय त्यांना महिन्याची वीस तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, रात्री बारापर्यंत. चुकलं तर दिवसाला 50 रुपये लेट फी, कर थकला तर वर 18 टक्के व्याज, आणि पैशापेक्षा जड म्हणजे दुसऱ्या दिवशी येणारा फोन: "साहेब, मी तर कागद आठ दिवस आधी दिले होते." माझा जुना लॅपटॉप तापून दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागला होता, म्हणून नवा घेतला. आदल्या रात्री जागून टॅलीचा सगळा डेटा, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर, सगळं नव्यावर हलवलं. नवा इतका पातळ की कडेला लॅनची वायर लावायला भोकच नाही. त्यासाठी एमजी रोडवरून एक छोटा अडॅप्टर आणला, एका बाजूने यूएसबीत जाणारा, दुसऱ्या बाजूने लॅनची वायर घेणारा. वायफायचा राऊटर आठवडाभर आधी विजेच्या एका कडकडाटात गेला होता. मॉडेम तेवढा वाचला होता. टीव्हीची तीच जाड काळी केबल, 2013 साली नाशकात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा नव्याने ओढलेली, एका स्प्लिटरमधून टीव्हीला जायची आणि दुसऱ्या फाट्याने या मॉडेमला. मॉडेममधून एकच वायर बाहेर. ती जुन्या लॅपटॉपमधून काढली आणि नव्याला लावली. एवढं सोपं काम.

मॉडेमवरचे दिवे सगळे जागच्या जागी होते. पॉवर, डाऊनस्ट्रीम, अपस्ट्रीम, ऑनलाईन, चारही हिरवे आणि स्थिर. वायर नव्या लॅपटॉपला लावली तशी लिंकचा पाचवा दिवाही लुकलुकायला लागला. म्हणजे तार तुटलेली नव्हती, अडॅप्टरही मेलेला नव्हता, दोघं एकमेकांना दिसत होते. आणि तरीही पडद्यावर 'अनआयडेंटिफाईड नेटवर्क, नो इंटरनेट'. लॅपटॉप पाच वेळा बंद-चालू केला. वायर काढली, फुंकर मारली, लावली. शेवटी ती काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं. एका भाच्याने कधीकाळी शिकवलेलं. पत्ता आला 169.254 ने सुरू होणारा. भाच्याने तेव्हा हेही सांगितलं होतं की असा पत्ता दिसला तर समजायचं, लॅपटॉपला पत्ता कुणी दिलेलाच नाही. वायर लागली की लॅपटॉप सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, मला पत्ता देणारं कुणी आहे का? पलीकडून उत्तर यायला हवं. थोडा वेळ वाट बघतो, पुन्हा हाक मारतो, आणि कुणीच बोललं नाही की स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन बसतो. 169.254 चे पत्ते जगभर या एकाच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. त्या पत्त्यावरून बाहेर कुठेही जाता येत नाही. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून पाहिलं, पण आमच्या खालच्या मजल्यावर एरवीच रेंजची एखादी काडी, त्या पावसात तीही टिकेना. पोर्टल उघडायचं, ओटीपीपर्यंत यायचं आणि तिथेच गोल फिरत बसायचं. सकाळी अकरापासून केबलवाल्यांना फोन लावत होतो. मुलगा आला तेव्हा पाच वाजून गेले होते.

त्याने केलेलं प्रत्येक काम आता डोळ्यांसमोर आहे, तेव्हा मात्र मी ते नीट पाहिलंसुद्धा नाही. आधी मॉडेमच्या मागचा केबलचा पेच हाताने घट्ट करून बघितला. मग स्प्लिटर. मग म्हणाला, "सर, जुना लॅपटॉप आहे का?" जुना लावला, आणि एका क्षणात गूगल उघडलं. तरी खात्री करायला त्याने मॉडेम बंद केला, मनातल्या मनात आकडे मोजत थांबला, चालू केला. दिवे एकापाठोपाठ एक लुकलुकले, स्थिरावले. जुन्यावर पुन्हा गूगल. मग तीच वायर काढून नव्याला, आणि पुन्हा 'अनआयडेंटिफाईड'. त्याने वायरीचं टोकच बदलायचं ठरवलं. पिशवीतून क्रिम्पिंग टूल काढलं, जुना प्लग छाटला, करड्या आवरणाचा दोन बोटं भाग सोलला. आत पीळ दिलेल्या चार जोड्या. त्यांचे पीळ त्याने अंगठ्याने सोडवले, आठ तारा सरळ केल्या आणि ओठ हलवत रंग लावत गेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका रेषेत कापल्या, काचेसारख्या प्लगमध्ये सरकवल्या, उजेडाकडे धरून टोकं शेवटपर्यंत पोचलीत का ते पाहिलं आणि टूल दाबलं. कट्ट. त्याच्या बोटांची टोकं पावसात भिजून सुरकुतली होती. नवा प्लग, नवा लॅपटॉप, तेच उत्तर. "सर, मग तुमच्या लॅपटॉपमध्येच काहीतरी..." एवढं तो म्हणाला आणि मी सुटलो.

झोपाळ्यावर अण्णा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. टेलिफोनच्या कामावर पस्तीस वर्षं, केबल जॉइंटर म्हणून. तेव्हा ऐंशी ओलांडलेले, उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, पण डावा कान त्यांनी आयुष्यभर टेस्ट फोनला लावून घासून ठेवला होता, त्यातून सुटायचं नाही काही. मुलगा गेल्यावर त्यांनी मला रागावलंही नाही आणि समजावलंही नाही. पायाने झोपाळा थांबवला आणि विचारलं, "फॉल्ट आतला की बाहेरचा, ते ठरलं का?" मला त्या क्षणी तो प्रश्नही नको होता. पण लहानपणापासून आमच्या घरात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की तो कानाला पाट्यावरवंट्याच्या आवाजासारखा वाटतो. टेलिफोन बंद असल्याची तक्रार आली की आधी एक्सचेंजमध्ये, सगळ्या लाईनी जिथे जोडलेल्या असतात त्या मोठ्या फ्रेमवर, ती लाईन मोकळी करायची आणि दोन्हीकडे ऐकायचं. एक्सचेंजच्या बाजूला टोन आहे? मग आतलं ठीक, फॉल्ट बाहेरचा. मग पिलर, म्हणजे रस्त्याकडेची जोडण्यांची पेटी, मग डीपी, म्हणजे घरांजवळचा छोटा डबा, मग घर. प्रत्येक ठिकाणी पुन्हा तोच प्रश्न, इथून आतला की इथून बाहेरचा? फॉल्टची नावंही ठरलेली. तार तुटली तर 'डिस', जमिनीला लागली तर 'अर्थ', दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर 'लूप', आणि दुसऱ्याच कुणाचं बोलणं ऐकू आलं तर 'कॉन्टॅक्ट'. घरात दिवा लागेना, नळाला पाणी येईना, माझा गणिताचा पेपर बिघडला, तरी अण्णा आधी हेच विचारायचे.

पावसाळा त्यांच्यासाठी वाईट असायचा. जुन्या केबलींवर शिशाचं आवरण, आत प्रत्येक तारेला कागद गुंडाळलेला. आवरणाला केसाएवढी भेग पडली तरी कागद पाणी शोषायचा आणि अख्ख्या गल्लीचे फोन खरखरायला लागायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आई कधीकधी माझ्या हाती डबा द्यायची. भद्रकालीतून तांबट लेनच्या अंगाने जायचं. भांडी ठोकण्याचा तो एकसारखा आवाज, तांब्याच्या नव्या घागरींचा लालसर उजेड, आणि पुढे वळणावर रस्ता खणलेला, वर ताडपत्री, खड्ड्यात अण्णा. स्टोव्हवर मेण वितळत असायचं. ते उकळतं मेण सांध्यावर ओतून ते कागदातला ओलावा काढायचे. ओल असेल तोवर मेणावर फेस चरचरायचा, वाळलं की तो शांत व्हायचा. त्या वासाला मी अजून दुसऱ्या कशाची उपमा देऊ शकलेलो नाही. देवळातल्या मेणबत्तीसारखाही नाही आणि डांबरासारखाही नाही. पुढे जेली भरलेल्या केबली आल्या, त्यांत रंगांची बाराखडी आली. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा या पाचांच्या प्रत्येकी पाच जोड्या, निळ्याशी, नारिंगीशी, हिरव्याशी, तपकिरीशी, करड्याशी. पंचवीस जोड्या झाल्या. अण्णांना ती शुभंकरोतीइतकी पाठ. पहिली जोडी पांढरा-निळा, शेवटची जांभळा-करडा.

अशाच एका डब्याच्या दिवशी एक वकीलसाहेब छत्री घेऊन खड्ड्याच्या कडेला आले होते. तो काळ असा की फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं, आणि ज्याच्याकडे फोन होता तो बंद पडला की त्याला जगापासून तोडल्यासारखं व्हायचं. ते वरून बोलत होते आणि अण्णा खाली गुडघाभर पाण्यात उभे राहून ऐकत होते. शब्द मला आठवत नाहीत. "फुकटचा पगार" असं काहीतरी होतं. मला आठवतो तो छत्रीच्या काडीवरून गळणारा पाण्याचा थेंब, तो नेमका अण्णांच्या टोपीवर पडत होता आणि ते बाजूला सरकत नव्हते, कारण हातातला सांधा सोडता येत नव्हता. मी डबा धरून उभा होतो. ते वकील मला पुढे कितीतरी वर्षं आवडले नाहीत. रस्त्यात दिसले तर मी पलीकडे जायचो.

केबलवाल्या मुलाचे ठसे बघताना हे आठवलं होतं की नाही, याबद्दल मला स्वतःशीही प्रामाणिक राहायचं आहे. नव्हतं आठवलं. त्या संध्याकाळी मला फक्त घड्याळ दिसत होतं आणि न भरलेली अकरा रिटर्न्स.

पाऊस वाढत होता. मोबाईलवर अधूनमधून मेसेज मात्र शिरायचे, गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचे. मग नाशिककरांचा तो ठरलेला फोटो येऊ लागला, गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदावरीवरचा, दुतोंड्या मारुती. कुणाच्या म्हणण्याने पाणी गुडघ्याला, कुणाच्या म्हणण्याने कमरेला. आमच्या गावाला पुराचं मोजमाप क्युसेकमध्ये पटत नाही. मारुतीच्या कुठवर आलं तेच खरं. आणि त्याही पुढे गेलं तर सरकारवाड्याच्या पायऱ्या. अण्णांनी नेहमीप्रमाणे 1969 चा पूर काढला, सराफ बाजारातल्या चिखलाचा, आणि मी नेहमीप्रमाणे हं हं केलं. सव्वानऊला लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे आहेत, माझ्या टेबलाजवळचा प्लग नाही. मॉडेमचे पाचही दिवे विझले. नवा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, वायर त्याला तशीच लावलेली. मी आशा सोडली होती. कुणाकुणाला काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव चालली होती. वीसेक मिनिटांनी लाईट आली. मॉडेम जागा झाला. डाऊनस्ट्रीम लुकलुकून थांबला, अपस्ट्रीम लुकलुकून थांबला, ऑनलाईन लागला. मी सवयीने बघितलं आणि कोपऱ्यातलं ते पिवळं चिन्ह गेलेलं होतं. पोर्टल उघडलं. शेवटचं रिटर्न गेलं तेव्हा अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

अण्णा जागेच होते. "काय केलंस?"

"काही नाही. लाईट गेली, आली, आपोआप सुरू झालं."

"आपोआप?" ते म्हणाले, आणि उठून झोपायला गेले.

त्या एका शब्दात पस्तीस वर्षं होती. फॉल्टच्या कार्डावर 'तपासलं तेव्हा ठीक' असं लिहून मोकळं होण्याची सोय त्यांच्या कामातही होती. बऱ्याच वेळा ते खरंही असायचं. दुपारी ऊन पडलं, कागद वाळला, फोन सुरू झाला. पण अण्णा तसं लिहायला तयार नसायचे. आज आपोआप सुरू झालेलं उद्याच्या सरीला आपोआप बंद पडणार, तेव्हा भेग कुठे आहे ते शोध, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून त्यांची सोबत्यांशी भांडणंही झाली, कारण एका लाईनीवर ते अख्खा दिवस घालवायचे आणि बाकीच्या तक्रारी साचायच्या. मला वाटतं सोबत्यांचंही चुकत नव्हतं. पण मी त्यांचा मुलगा आहे, आणि रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दोन्ही लॅपटॉप टेबलावर घेऊन बसलो.

नवा चालू होता. वायर काढून जुन्याला लावली. आणि जुना, जो त्या मुलासमोर एका क्षणात चालला होता, तो आता चालेना. आयपीकॉन्फिग केलं. 169.254. मी अक्षरशः उभा राहिलो. अण्णांना हाक मारली. वायर जुन्यालाच ठेवून मॉडेम बंद केला, मिनिटभर थांबलो, चालू केला. जुना सुरू. मग वायर नव्याला, नवा बंद. पुन्हा मॉडेम बंद, वायर नव्यालाच, मॉडेम चालू, नवा सुरू. दोनदा, तीनदा. दर वेळी तेच. मॉडेम जागा झाल्यावर पहिल्यांदा जो समोर दिसतो त्यालाच तो ओळखून ठेवतो आणि मग दुसऱ्या कुणाच्या हाकेला ओ देत नाही. पुढे वाचून खात्री केली. जगातल्या प्रत्येक लॅन कार्डाला बारा अक्षर-आकड्यांची एक ओळख जन्मतःच दिलेली असते, पहिली सहा ते बनवणाऱ्या कंपनीची, पुढची सहा त्या एकट्या नगाची. मॅक ॲड्रेस म्हणतात त्याला. माझ्या बाबतीत ती ओळख लॅपटॉपची नव्हतीच, एमजी रोडवरून आणलेल्या त्या बोटाएवढ्या अडॅप्टरची होती. एका जोडणीवर किती यंत्रं चालू द्यायची ते केबलवाला ठरवतो, मॉडेम सुरू होताना ते त्याला वरून कळतं, आणि साध्या जोडणीवर तो आकडा बहुधा एक असतो. मॉडेमने जुन्या लॅपटॉपची ओळख धरून ठेवली होती. वीज जाईपर्यंत ती तो सोडणार नव्हता. बिघडलेलं असं काहीच नव्हतं. लाईन ओके होती. लॅपटॉप नवा आणि निर्दोष होता. मी खरं बोलत होतो, तो मुलगाही खरं बोलत होता, आणि आम्ही दोघंही दुसऱ्याच्या बाजूला फॉल्ट टाकत होतो.

आणि त्या मुलाने मॉडेम बंद-चालू केलाही होता. उपाय त्याच्या हातून बरोबर झाला होता. फक्त त्या घटकेला वायर जुन्या लॅपटॉपला लावलेली होती. जुन्याऐवजी नव्याला लावून तेच बटण दाबलं असतं तर तो पाच मिनिटांत चहा घेऊन, माझे आभार घेऊन गेला असता. या एवढ्याशा मागेपुढे होण्यावर माझं सगळं ओरडणं उभं होतं, हे मनातून जाईना. माझं चुकलं असतं तर माफी मागून मोकळा झालो असतो. त्याचं चुकलं असतं तर निदान रागाला टेकू मिळाला असता. इथे दोन्ही नव्हतं.

अण्णांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांना फॉल्ट सापडल्याचा आनंद होता. "म्हणजे आतला नाही, बाहेरचा नाही. मधला." मग मी धीर करून त्या वकिलांची गोष्ट काढली. छत्री, खड्डा, टोपीवर पडणारं पाणी. मला वाटलं होतं त्यांना आठवणार नाही, किंवा आठवून वाईट वाटेल. त्यांना सगळं आठवत होतं. घराचं तोंड कुठल्या बाजूला, डीपी कुठल्या भिंतीवर, सगळं. "त्या माणसाचं बरोबर होतं रे," ते म्हणाले. "मी दीड दिवस केबल उकरली. फॉल्ट आतच होता. आदल्या आठवड्यात मीच फ्रेमवर जोडलेली तार, ढिली राहिली होती. आधी आत तपासलं असतं तर खड्डा खणायलाच नको होता." मी विचारलं, मग तुम्ही त्यांना सांगितलंत का. ते म्हणाले, "गेलो होतो ना. दुसऱ्या दिवशी. त्यांनी बसायला खुर्ची दिली." मी इतकी वर्षं ज्या माणसाला पाहून रस्ता ओलांडत होतो, त्याच्याबद्दल अण्णांच्या मनात एवढीच नोंद होती की त्यांनी बसायला खुर्ची दिली.

पुढच्या महिन्यात तो मुलगा पैसे घ्यायला आला. त्या दिवशी पाऊस नव्हता, श्रावणातलं पिवळं ऊन होतं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, पावतीपुस्तक काढून. मी आत ये म्हणालो. तो म्हणाला, "नको सर, पुढे जायचंय." मी पुन्हा म्हणालो. मग तो आला, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. "त्या दिवशी मी तुला जे बोललो," एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य, जे मी महिनाभर घोकलं होतं, ते आलंच नाही. "चालतंय हो सर," तो म्हणाला. चालत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून मी सरळ टेबलाकडे गेलो आणि दोन्ही लॅपटॉप लावून त्याला करूनच दाखवलं. जुना, नवा, मॉडेम बंद, चालू. पहिल्यांदा तो हसून बघत होता. दुसऱ्यांदा त्याने वायर माझ्या हातातून घेतली आणि स्वतः केलं. "अच्छा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सर, राणेनगरला एका मॅडमकडे असंच झालं होतं. मी त्यांना लॅपटॉप सर्व्हिसिंगला द्यायला लावला." त्याचा चेहरा पडला. मला त्या क्षणी त्याला काय म्हणावं सुचेना, कारण मला ते ओळखीचं होतं.

चहा आला. अण्णा झोपाळ्यावरून उठून जवळ आले होते आणि त्यांची नजर त्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या टूलवर होती. "ते बघू," ते म्हणाले. त्याने टूल दिलं, मग एक रिकामा प्लग आणि वायरीचा वीतभर तुकडाही दिला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि थरथरत्या नखाने पीळ सोडवायला लागले. रंग मुलगा सांगत होता. निळ्याशी येऊन अण्णा थांबले. "पांढरा-निळा ही पहिली जोडी. ती मधे का घातलीय?" मुलाला माहीत नव्हतं, तो म्हणाला असंच शिकवलं. मला नुकतंच कळलेलं होतं, म्हणून मी सांगितलं. टेलिफोनच्या प्लगमध्ये लाईन मधल्या दोन पिनांवर यायची, म्हणून या प्लगातही पहिली जोडी मधोमध ठेवली. 100 एमबीपीएसच्या वेगापर्यंत पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्या चारच तारा लागतात, मधल्या दोन मोकळ्याच असतात.

"म्हणजे फोनची जागा ठेवलीय," अण्णा म्हणाले.

"आता गिगाबिटच्या वेगाला आठही लागतात, आजोबा," मुलगा म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. आठही तारा त्यांनी चिमटीत एका ओळीत धरल्या होत्या, पण हात हलत असल्यामुळे प्लगच्या तोंडाशी येऊन त्या पुन्हा पुन्हा विस्कटत होत्या. मुलाने कप खाली ठेवला. अण्णांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्याने तारा आत सरकवल्या आणि प्लग खिडकीतल्या उन्हाकडे धरला. काचेच्या टोकाशी तांब्याचे आठ ठिपके. अण्णा ते मोजत होते.